सहाशे चाळीस दगड

भिकन गुरवाचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा असं म्हणणं म्हणजे त्या रागाला कमी लेखणं आहे. तो त्याच्या हातात असायचा. आडविहीर गावच्या महादेवाच्या पायरीवर कोणी विळा घासायला बसला की त्याच्या पाठीत काठी पडायची, आणि मग कोण आहे ते भिकन बघायचा. एकदा चोपड्याकडचा नवरदेव जोडीने दर्शनाला आला आणि त्याने खांबावर खिळ्याने स्वतःचं आणि बायकोचं नाव कोरायला घेतलं. भिकनने त्याला सासुरवाडीच्या बारा माणसांसमोर मुंडावळ्यांसकट थोबाडला. वऱ्हाड चालून आलं तेव्हा हा गडी पहार घेऊन दारात उभा. शेवटी वऱ्हाडच परतलं, आणि गावाला पुढे वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली.

गाव हसायचं, पण मनातून भ्यायचंही. घरात बायकोवर त्याने बावीस वर्षांत दोनदाच हात टाकला होता. आमच्याकडे एवढ्याला कोणी मारणं म्हणत नव्हतं, उलट धुरपदाबाई नशिबाची मानली जायची. ही आमची लाज आहे, पण आहे ती आहे.

देऊळ मात्र रागावण्यासारखंच होतं. काळ्या दगडाचं, हेमाडपंती. चुना नाही, माती नाही, दगडात दगड अडकवून उभं केलेलं. गाव म्हणायचं, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. सरकारी माणसं म्हणायची, सातशे-आठशे वर्षं झाली. सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्याने तिथे निळा फलक लावला होता. देवळाला इजा करणाऱ्याला शिक्षा होईल, असं त्यावर लिहिलेलं. गावातल्या म्हशी त्याला अंग घासायच्या, त्यापलीकडे त्याचा कोणाला उपयोग झाला नाही. भिकनच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवाची पूजा. मग खात्यानेही त्यालाच पहारेकरी नेमलं, खाकी सदरा आणि शिट्टी दिली. देवाचा आणि सरकारचा असा दोघांचा माणूस झाल्यावर भिकनच्या हाताला काही धरबंध उरला नाही.

देवळापासून अर्ध्या मैलावर, सातपुड्याच्या पायथ्याला, रुपचंद पाटलाची दगडाची खाण होती. रुपचंदआबा गावातला मोठा माणूस, केळीचे बाग, दोन ट्रॅक्टर, एक जीप. खाणीत दिवसातून दोनदा सुरुंग उडायचे, आणि देवळातली घंटा आपोआप किणकिणायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला पोट आलं. दगड बाहेर सरकले, शिखर कलंडलं. खात्याचे इंजिनियर खैरनार आले, त्यांनी ओळंबा लावून बघितलं आणि सांगितलं, सगळं देऊळ दगड न्‌ दगड उतरवायचं आणि पुन्हा तसंच उभं करायचं.

चार महिने काम चाललं. दगड उतरवायच्या आधी प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा घातला जायचा. पूर्वेच्या दगडावर ‘पू’ आणि नंबर, उत्तरेच्या दगडावर ‘उ’ आणि नंबर. एक माणूस फोटो काढायचा, खैरनार साहेब टेप लावून मापं घ्यायचे आणि मोठ्या वहीत काहीबाही लिहायचे. रंगाचा डबा भिकनच्या हातात असायचा. सहाशे चाळीस दगड झाले. शेजारच्या गायरानात ते ओळीने मांडले आणि पिंडीला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. निघायच्या दिवशी साहेबांनी भिकनला जवळ बोलावलं.

“भिकन, या दगडांवरचा एक आकडा जरी पुसला गेला ना, तर देऊळ पुन्हा उभं राहणार नाही. आता सगळं तुझ्यावर आहे.”

बस्स. साहेब जीपमध्ये बसून गेले, आणि भिकनच्या डोक्यात ते वाक्य पहारीसारखं रुतलं.

पुढची तीन वर्षं पैसा आला नाही. खात्याची पत्रं यायची, त्यात ‘मंजुरीस्तव सादर’ असं असायचं. भिकन रोज सकाळी दगड मोजायचा. उन्हाने रंग उडू नये म्हणून केळीची वाळली पानं आणून झाकायचा, आणि पावसाळ्यात स्वतःच्या घराची ताडपत्री काढून तिकडे टाकायचा. घर गळायचं. धुरपदाबाई भांडी मांडून पाणी धरायची, आणि नवरा दगड मोजायला गेला की शेजारणीला हसून सांगायची की मला सहाशे चाळीस सवती आहेत.

गावाला मात्र हसू येत नव्हतं. देव पत्र्याखाली, आणि आपण स्लॅबखाली. त्यात लागोपाठ दोन वर्षं वादळाने केळी झोपवली. देवाला उघड्यावर काढल्याचं हे फळ, असं बायामाणसं बोलू लागली. रुपचंदआबाने चावडीवर जाहीर केलं की सरकारची वाट बघण्यात अर्थ नाही, महाशिवरात्रीच्या आत आपण सिमेंटचं नवं देऊळ बांधू, वर कळस, खाली फरशी, आणि जुने दगड नव्या देवळाच्या पायात भरू. देवाचे दगड देवाच्याच पायात, यात पाप कसलं. ज्याच्या सुरुंगांनी देऊळ हललं तोच आता देऊळ बांधायला निघाला होता, पण गावाला त्याची आठवण करून द्यायची कोणाची छाती नव्हती. एकट्या भिकनने भर चावडीत ते तोंडावर सुनावलं आणि वर सांगितलं की दगडाला हात लावील त्याचा हात राहणार नाही. लोकांना वाटलं, बोलायची पद्धत आहे.

नव्वदच्या माघात, एका मंगळवारी सकाळी, गायरानात ट्रॅक्टर आला. चालवायला आबाचा ड्रायव्हर पुना होता, सोबत दहा-बारा माणसं, आणि पुढारपणाला रुपचंदचा पुतण्या मगन. भिकन शेडमध्ये पूजा करत होता. आवाज ऐकून तो ओलेत्यानेच धावला. मगनने दाराच्या उंबऱ्याच्या दगडाला दोर घातला होता, ‘पू-१’ त्यावर लिहिलेलं. भिकनने त्याला एकदाच सांगितलं, सोड. मगन हसला.

भिकनने पहार उचलली आणि मगनच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू आला. मगन खाली बसला आणि आपल्या लोंबणाऱ्या हाताकडे दुसऱ्याचा असावा तसा बघत राहिला. दुसरा पुढे आला, त्याच्या गुडघ्यावर पहार बसली. मग मात्र बाकीचे एकदम तुटून पडले. पहार हिसकावली. फावड्याच्या दांड्यांनी, लाथांनी, हाताला येईल त्याने त्यांनी भिकनला तुडवला. त्याचे पुढचे दोन दात तिथेच पडले. निंबाच्या झाडाला त्याला दोराने आवळून बांधला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरला मागे फळी लावून दगडांच्या ओळी मोडल्या. भरायला सोपे जावेत म्हणून दगड लोटून एका जागी ढीग केला. ‘उ’ चे दगड ‘द’ मध्ये गेले, ‘द’ चे ‘प’ मध्ये. भिकन रक्त थुंकत शिव्या देत होता, आणि त्या संपल्या तेव्हा त्याने महादेवाला शिव्या दिल्या.

दुपारी पोलीस आले. तक्रार मगनची होती, म्हणून गाडीत भिकनला घातलं. ठाण्यात त्याच्या तळपायांवर पट्टा चालला. चार दिवस तो आत होता. तळपाय सुजून गाडग्याएवढे झाले, पण त्याच्या मनात एकच चाललेलं होतं. ओळी मोडल्या तर मोडू देत. आकडे आहेत. आकडे आहेत तोवर देऊळ आहे.

आता गावात काय झालं ते ऐका. नवऱ्याला गाडीत घालून नेल्यावर धुरपदाबाई रडत बसली नाही. उद्या सकाळी ट्रॅक्टर पुन्हा येणार, हे तिला दिसत होतं. सरकारचा फलक तीन वर्षांत एका म्हशीला अडवू शकला नव्हता. पण आमच्या खानदेशात एक कायदा असा आहे की तो मोडायला पाटीलही धजत नाही. दगडाला शेंदूर लागला की तो देव होतो. म्हसोबा म्हणा, भैरोबा म्हणा, त्याला जागचा हलवला की घराचा वंश बुडतो. महादेवाला शेंदूर चालत नाही, एवढं गुरवाच्या बायकोला कळत होतं. पण तिला पिंडीला कुठे लावायचा होता? तिला दगड वाचवायचे होते.

ती घरोघर गेली. ज्या घरांतल्या पुरुषांनी चावडीवर रुपचंदआबाला माना डोलावल्या होत्या, त्याच घरांतल्या बायका वाटीत तेल आणि पदरात शेंदराची पुडी घेऊन निघाल्या. त्यांना कोणी देऊळ-वास्तू समजावून सांगितलं नव्हतं. बाईचा नवरा मार खाऊन ठाण्यात पडलाय आणि बाई देवाचं काम सांगते आहे, एवढं त्यांना पुरलं. लोखंडी घमेल्यात शेंदूर कालवला आणि दिवेलागणीपर्यंत वरचा सगळा ढीग माखला.

बुधवारी सकाळी पुना ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने ढीग बघितला आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले. रुपचंदआबाने त्याच्या कानाखाली लावली. पुनाने ती खाल्ली, किल्ली आबाच्या हातात दिली आणि तो चालत घरी गेला. दुसऱ्या माणसांनीही माना खाली घातल्या. मग आबा स्वतः ढिगापाशी गेला. उभा डोंगर सुरुंगाने फोडणारा हा माणूस, त्या शेंदराला त्याच्याने बोट लावलं गेलं नाही. तो थुंकला आणि परत फिरला. धुरपदाबाईने पुढचे तीन दिवस काम थांबवलं नाही. एखादी बाजू कोरी राहिली तर कोणी तिकडून हात घालील, या धास्तीने तिने बायकांकडून दगड उलटेपालटे करून घेतले आणि सगळ्या अंगांनी माखले. मोठ्या दगडांच्या खाचांत स्वतः बोटं घालून शेंदूर भरला.

शनिवारी भिकन जामिनावर सुटला. यावलकडच्या एस.टी.ने फाट्यावर उतरून तो काठी टेकत दोन मैल चालत आला. वाटेत त्याने ठरवून टाकलं होतं की दगड गेले असतील तर सरळ रुपचंदच्या ओट्यावर जायचं आणि त्याला जिवंत ठेवायचं नाही.

गायरानात येऊन तो थांबला. ढीग होता. उन्हात लाल-केशरी, तेलाने चकाकणारा, वर झेंडूच्या माळा. आणि पंधरा-वीस बायका, मधे धुरपदाबाई, कोपरापर्यंत शेंदूर. चार दिवसांत ती निम्मी झाली होती, पण त्याला बघून तिचं तोंड असं उजळलं की बाकीच्या बायकांनी कौतुकाने मान वळवली.

“एक भी दगड गया नही,” ती म्हणाली. “मोजी ल्या.”

भिकन एका दगडाजवळ बसला. गळ्यातला पंचा काढून त्याने शेंदूर पुसला, अंगठ्याने घासला. तीन उन्हाळे खाल्लेला पांढरा रंग भुसभुशीत झालेला होता. तो तेलात विरघळून शेंदरासोबतच पंचावर आला. खाली काळा दगड निघाला, कोरा. त्याने दुसरा पुसला, मग तिसरा. बायका कुजबुजायला लागल्या, देवाचा शेंदूर पुसतोय म्हणून एक-दोघी ओरडल्याही.

“आकडा कोठे शेतस?” त्याने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

“आकडास्नं काय लई बसनात,” धुरपदाबाई म्हणाली, आकड्यांचं काय घेऊन बसलात अशा सुरात. तिला खरंच कळलं नव्हतं, आणि ती अजून हसत होती. “आते देव शेतस त्या. कोनी हात लावाव नही.”

तिच्या पायाशी घमेलं होतं. भिकनने ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या काठाने तिच्या कानाच्या वर घाव घातला. एकच. ती ओरडलीही नाही. बाजूच्या दगडावर डोकं आपटून खाली घसरली, आणि घमेल्यातला उरलेला शेंदूर तिच्या अंगावर सांडला, त्यामुळे रक्त कुठे आहे ते कोणाला आधी दिसलंच नाही. एका म्हातारीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि हाताकडे बघून किंकाळी फोडली.

मग त्या बायकांनी भिकनला मारलं. दगडांनी, चपलांनी, नखांनी. मंगळवारचा पुरुषांचा मार त्यापुढे काहीच नव्हता. एकीने त्याचा कान दातांनी फाडला. त्याने एकदाही हात वर केला नाही. आरडाओरडा ऐकून रुपचंदआबा जीप घेऊन आला. धुरपदाबाईला त्यानेच उचललं, मागच्या सीटवर तिचं डोकं त्यानेच धरून ठेवलं, आणि दवाखाना चार मैल राहिला असताना ती त्याच्याच हातात गेली. दहन तिच्या भावाने केलं, अस्थीही त्यानेच नेल्या. भिकन तेव्हा ठाण्यात होता, आणि यावेळी त्याला कोणी पट्टा मारला नाही.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत भिकन तुरुंगात कोणाशी फारसं बोलला नाही, पण मोडूनही पडला नाही. त्याने मनाशी एक हिशेब घट्ट बांधून ठेवला होता. मी बाई मारली, खरं आहे. पण तिने देऊळ मारलं. आठशे वर्षांचं देऊळ, माझ्या बापाचं, आज्याचं, त्याच्या आज्याचं. तिच्यामुळे ते आता कधीच उभं राहणार नाही. माणूस काहीही धरून जगतो. भिकन हे धरून जगला.

त्याच्या वकिलालाही हेच हवं होतं. सरकारने दिलेला तरुण वकील, पण मन लावून काम करणारा. आरोपीच्या आयुष्याचं काम एका क्षणात पुसलं गेलेलं त्याने बघितलं, त्यात त्याचं भान सुटलं, असं त्याला दाखवायचं होतं. म्हणून जळगावच्या कोर्टात त्याने बचावाचा साक्षीदार म्हणून खैरनार साहेबांना बोलावलं. साहेब आले, बगलेत फाइल. भिकन पिंजऱ्यातून त्यांच्याकडे आशेने बघत होता. हा एक माणूस सगळ्यांना सांगणार होता की काय गेलं ते.

वकिलाने विचारलं, दगडांवरचे आकडे पुसले गेल्याने देवळाचं किती नुकसान झालं?

खैरनार साहेबांनी शपथ घेतलेली होती. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “तसं काही नुकसान नाही,” ते म्हणाले. “प्रत्येक दगडाची मापं, खाचा आणि फोटो कार्यालयात आहेत. आकडे फक्त सोयीसाठी असतात. शेंदूर औषधाने काढता येतो. दोन महिन्यांत सगळे दगड पुन्हा ओळखता येतील.”

वकील गडबडला. मग तुम्ही आरोपीला असं का सांगितलं होतं की एक आकडा पुसला तर देऊळ उभं राहणार नाही?

“पहारेकऱ्याने नीट लक्ष द्यावं म्हणून,” साहेब म्हणाले. “आम्ही सगळ्यांनाच सांगतो तसं.” आणि न विचारताच त्यांनी पुढे सांगितलं की त्या ढिगाला दोन वर्षांत कोणी हात लावलेला नाही. बाईंनी शेंदूर लावला नसता तर एव्हाना सगळे दगड सिमेंटखाली गेले असते. मंजुरी आली आहे, पुढच्या महिन्यात काम सुरू होईल.

पिंजऱ्यात आवाज झाला. भिकन समोरच्या लाकडी कठड्यावर कपाळ आपटत होता. एकदा, दोनदा, सगळा जोर लावून. तिसऱ्यांदा कपाळ फुटलं आणि कठड्यावरून रक्ताची धार खाली लागली. दोन शिपाई धावले तरी त्यांना तो आवरेना. आयुष्यभर दुसऱ्यांवर चाललेला त्याचा राग आता जायला दुसरी जागाच उरली नव्हती. चौघांनी मिळून त्याला खाली दाबला तेव्हा तो शांत झाला. न्यायाधीशांनी काम दुपारपर्यंत थांबवलं.

व्हरांड्यात शिपायांनी त्याला बाकावर बसवून डोक्याला फडकं बांधलं होतं. खैरनार साहेब जिन्याकडे निघाले होते. त्यांना पलीकडून जाता आलं असतं, पण ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. बेड्या असलेले हात भिकनने वर केले तेव्हा एक शिपाई चटकन मधे आला. पण भिकनने ते हात जोडले होते.

“साहेब, तो शेंदूर काढशात ना, तो फेकू नका,” तो म्हणाला. “तापीमा सोडज्यात. तिन्या अस्थी माले सोडाले भेटन्यात नही. तो शेंदूर तिना हातना शे.”

देवाच्या अंगावरून उतरलेला शेंदूर नदीत सोडायचा असतो, ही रीत साहेबांना माहीत होती. त्यांनी मान हलवली, फाइल उघडली, आणि जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून ते लिहून घेतलं.